सात अठ्ठे किती? फाशांना विचारा

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत इयर फोरच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची दर जूनमध्ये पाढ्यांची चाचणी होते. संगणकावर 25 प्रश्न, प्रत्येकाला 6 सेकंद, पाढे 12 पर्यंत. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत 2022 पासून ती सक्तीची आहे.

आता आपल्या घरातलं मूल घ्या. 'सात एके सात' पासून 'सात दाहे सत्तर' पर्यंत ते धडाधड म्हणतं. पण मधूनच 'सात अठ्ठे?' विचारलं की पुटपुटत पुन्हा पहिल्या पायरीपासून चढू लागतं. तिथवर सहा सेकंद संपलेले असतात. पाढा गाण्यासारखा बसला की असं होतं. गाण्याची मधली ओळ आठवायला आपणही आधीची गुणगुणतोच. म्हणून पाढे म्हणणं सोडू नका, पण प्रत्येक जोडी सुटी ओळखण्याचाही सराव द्या. त्याला फाशांसारखं साधन नाही, कारण पुढे काय येणार हे कोणालाच ठाऊक नसतं.

वर्गात सहसा दोन फासे टाकून गुणाकार सांगायचा खेळ असतो. त्यात एक मोठी खोट आहे: सापशिडीचा फासा सहावर थांबतो. 7, 8, 9 कधी येतच नाहीत, आणि मुलं अडतात ती नेमकी तिथेच! तासभर खेळूनही सराव होतो तो येणाऱ्याच पाढ्यांचा.

उपाय सोपा आहे. प्रत्येक फाशात 3 मिळवा. 1 ते 6 चे 4 ते 9 होतात. 1 आणि 10 चे पाढे सोडले, आणि 7×8 व 8×7 एकच धरले, तर 10 पर्यंत पाठ करण्याजोग्या जोड्या 36 च उरतात. त्यातल्या 21 या खेळात येतात. साध्या फाशांवर आणखी 9 मिळतात. उरलेल्या सहांसाठी (2 आणि 3 गुणिले 7, 8, 9) एक फासा साधा ठेवा आणि एकातच 3 मिळवा. दोन रंगांचे फासे असले की गोंधळ होत नाही.

आता खेळ. चौकटींच्या वहीत 20×20 चा चौरस आखा. दोघांना दोन रंगांच्या पेन्सिली द्या. फासे पडले, 3-3 मिळवले, 7 आणि 8 आले, की 7×8 चा आयत कुठेही बसेल तिथे काढायचा आणि आत 56 लिहायचं. आयत आडवा-उभा कसाही चालतो. जागा नसेल तर डाव जातो. दोघांचेही डाव लागोपाठ गेले की खेळ संपला. ज्याच्या चौकटी जास्त तो जिंकला.

मूल अडलं तर उत्तर सांगू नका. आयत पाचव्या चौकटीपाशी रेघ मारून तोडायला सांगा: 7×5 म्हणजे 35, 7×3 म्हणजे 21, मिळून 56. असं चार-पाचदा तोडल्यावर रेघेची गरज लागत नाही. घड्याळ मात्र पहिले काही आठवडे लांबच ठेवा. भीतीने आठवण वाढत नाही.

परदेशातल्या मुलांची आणखी एक अडचण असते. गुणाकार येतो, 'त्रेसष्ट' हा शब्द येत नाही. तेव्हा इंग्रजीतलं उत्तरही बरोबर धरा, आणि आकडा आयतात लिहिताना दोघं मिळून मराठीत म्हणा.

11 आणि 12 च्या पाढ्यांसाठी बारा बाजूंचा फासा मिळतो. त्याच्या सगळ्या बाजू पंचकोनी असतात. खेळण्याआधी मुलांना त्या मोजू द्या.