नक्षी कुणाची?



परवा एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी त्यांची जुनी पिशवी काढून दाखवली. काळ्या आणि पांढऱ्या चिंध्यांचे चौकोन जोडून केलेली. दिवाळीच्या आधी एका व्यापाऱ्याने मोबाइलवर तिचा फोटो काढला होता. "ऑर्डरचं कळवतो," म्हणाला, आणि कळवलं काही नाही. आता तालुक्याच्या बाजारात तीच नक्षी, तशाच पिशव्या. मी चिडले, पण ताई हसून म्हणाल्या, "जाऊ दे गं, चौकोनच तर आहेत. चौकोन काय माझ्या बापाचे?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून या अंकात इंग्लंडमधल्या दोन बायकांची गोष्ट सांगते. दोघींनी साधा आकार आणि मोजके रंग घेतले आणि तेच तेच पुन्हा मांडून नाव कमावलं. पण नक्षी बाजारात गेली, तेव्हा दोघींचा अनुभव वेगळा होता.

पहिली गोष्ट : पडद्याचं कापड

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कपडेसुद्धा कुपनावर मिळायचे. १९४१ साली सुरू झालेली ही कुपनं १९४९ पर्यंत चालली. लोक साध्या, फिक्या कापडाला कंटाळले होते. १९५१ साली लंडनमध्ये नदीकाठी मोठं प्रदर्शन भरलं, 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'. तिथल्या एका खोलीसाठी ल्युसियन डे या बाईंनी पडद्याच्या कापडाची नक्षी काढली. नाव ठेवलं 'कॅलिक्स'. कॅलिक्स म्हणजे फुलाच्या बुडाशी असतो तो हिरवा पेला. वांग्याच्या देठाजवळची टोपी असते ना, तोच.

मेंदी रंगाच्या कापडावर पिवळे, नारिंगी, काळे, पांढरे पेले आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा. खरं फूल कुठेच नाही, तरी रोप वाढतंय असं वाटतं. ती त्या वेळच्या नव्या चित्रकलेची पद्धत होती. वस्तू जशीच्या तशी काढायची नाही, फक्त आकार आणि रंग ठेवायचे. ल्युसियनबाईंनी ती पद्धत पडद्यावर आणली, म्हणजे चित्र विकत घेणं परवडत नाही त्यांच्याही घरात ती जावी.

छापाच्या कापडात खरी कसोटी जोडाची असते. ठशाची उजवी कड पुढच्या ठशाच्या डाव्या कडेला जुळली पाहिजे, वरची खालच्या कडेला. जोड दिसला की नक्षी फसली. चांगल्या नक्षीत एक ठसा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते शोधूनही सापडत नाही.

हील्स या दुकानाला हे कापड खपेल असं वाटत नव्हतं. त्यांनी बाईंना आधी निम्मेच पैसे दिले. कापड खपायला लागलं तेव्हा उरलेले दिले. त्याच वर्षी इटलीत मिलानच्या प्रदर्शनात या नक्षीला सुवर्णपदक मिळालं. पुढे अनेक वर्षं बाईंनी त्याच दुकानासाठी नक्षी काढली. म्हणजे इथे नक्षी बाजारात गेली ती बाईंना विचारून, पैसे देऊन आणि त्यांच्या नावाने.

दुसरी गोष्ट : चौकोनांचं चित्र

ब्रिजेट रायली यांचा जन्म १९३१ चा, लंडनचा. १९६१ साली त्यांनी 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' नावाचं चित्र केलं. फक्त काळे आणि पांढरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. पण एक गंमत केली. चौकोनांची उंची सगळीकडे सारखी ठेवली आणि रुंदी हळूहळू कमी करत नेली. पार चिंचोळी पट्टी झाल्यावर ती परत वाढवली. समोर उभं राहिलं की वाटतं, पट मध्येच आत वळलाय, उघड्या पुस्तकाच्या घडीसारखा. प्रत्यक्षात पाटी सपाट आहे. हलतात ते आपले डोळे.

म्हणजे नुसतं तेच तेच मांडलं की नक्षी होते असं नाही. एक गोष्ट धरून ठेवायची आणि एक बेताबेताने बदलायची. तिथे नक्षी जिवंत होते.

१९६७ च्या सुमारास त्यांनी रंग घेतले. तेव्हाही हाच विचार. लाल पट्टी हिरव्याशेजारी वेगळी दिसते, निळ्याशेजारी वेगळी. तुम्हाला हे मी काय सांगणार! एकच ब्लाउज दोन साड्यांवर दोन रंगांचा वाटतो, हे तुम्ही रोज बघता. रायलीबाई आधी कागदावर छोटे नमुने करतात, आणि मोठं चित्र मदतनीस रंगवतात. तरी चित्र त्यांचंच, कारण काय कुठे आणि किती, हे त्यांनी ठरवलेलं असतं.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात त्यांची चित्रं लागली. त्या तिथे पोचल्या तर दुकानांच्या काचेत त्यांच्याच नक्षीचे झगे! त्यांचं एक चित्र विकत घेणाऱ्या कपड्याच्या कारखानदाराने त्यावरून कापड छापलं होतं. चित्र त्याचं, हे खरं. पण नक्षी? त्याने विचारलंच नव्हतं. त्या वकिलाकडे गेल्या, पण तेव्हाच्या अमेरिकेतल्या कायद्यात त्यांना आधार मिळाला नाही. तीन वर्षांनी व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात चित्रकलेचं बक्षीस त्यांना मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पण झगे कुणी परत आणून दिले नाहीत.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे २००० सालचा डिझाइन कायदा आहे. नवीन नक्षी नोंदवली तर आधी १० वर्षं आणि वाढवून घेतली तर पुढे ५ वर्षं संरक्षण मिळतं. पण नोंदणीचा अर्ज नक्षी बाजारात किंवा प्रदर्शनात दाखवण्याच्या आधी करावा लागतो. आजीच्या काळापासून चालत आलेली नक्षी मात्र कुणा एकीच्या नावावर होत नाही. ती सगळ्यांची.

प्रत्येक पिशवीसाठी कोणी अर्ज करत बसणार नाही. पण एवढं तर करूच :
१. नवीन नक्षीचा तुकडा गटाच्या वहीत चिकटवा. कुणी केली, कधी केली, ते लिहा.
२. ऑर्डर कागदावर आल्याशिवाय नवीन नक्षीचा फोटो काढू देऊ नका.
३. भाव सांगताना शिलाईसोबत नक्षीचेही पैसे धरा.

करून बघा

जुन्या वर्तमानपत्राचे आणि कोऱ्या कागदाचे तुकडे कापा. उंची सगळ्यांची चार बोटं. रुंदी आधी चार बोटं, मग तीन, दोन, एक, आणि परत दोन, तीन, चार. एक वर्तमानपत्राचा, एक कोरा, असे ओळीत लावा. खालची ओळ उलट्या क्रमाने सुरू करा. सहा ओळी झाल्या की भिंतीला लावून दारातून बघा. मग हेच गोधडीत कसं दिसेल, यावर बोला.

बैठकीत बोलूया

तुमच्या गटात नवीन नक्षी कोण काढतं? तिचं नाव ऑर्डर देणाऱ्याला माहीत आहे का? तिला शिलाईपेक्षा वेगळं काही मिळतं का?

आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मला सुचलं नाही, ते आता देते. चौकोन कुणाच्याच बापाचे नाहीत. पण ते कसे लावायचे हे रात्री जागून तुम्ही ठरवलंत. ते तुमचं आहे. नवीन पिशवी शिवाल तेव्हा पहिला तुकडा वहीत लावूया. डिंक मी आणते.