आजचे चिंतन : गीता ९.२६

या श्लोकात भगवंत पान, फूल, फळ किंवा पाणी एवढंच मागतात. शिरूरच्या चैत्रातल्या उन्हात मला तेवढंही जमलं नाही. ऑफिसच्या कॉलच्या नादात पाच दिवस पाणी घालायचं राहिलं आणि आईच्या हातची तुळस वाळली. आई आता नाही.

दौंडहून मावशी आली. तिने नखाने खोड खरवडलं, तर आत हिरवं! वाळक्या मंजिऱ्या खुडल्या, बुंध्यापासून थोडं लांब उसाचं पाचट पसरलं. ओल टिकते म्हणे. "उन्हाच्या आधी घालत जा रे पाणी."

आज दहाव्या दिवशी दोन कोवळी पानं फुटली. पूजेसाठी हात पुढे गेला, थांबला. देवाला नुसतं पाणी वाहिलं.