मापात पाप नको : मोटारीतील ॲम्प्लिफायर व क्रॉसओव्हरची जुळवणी

सीट कव्हर, हॉर्न आणि साउंड बसवणारी दुकाने आता तालुक्याच्या गावीही दिसतात. या कामात सफाईदार हाताचे कारागीर पुष्कळ आहेत. ओरखडा न पाडता पॅनेल काढणे, वायरी नजरेआड ओढणे, डिकीत नेटकी पेटी बसवणे, यात त्यांना तोड नाही. पण शेवटच्या अर्ध्या तासाचे काम, म्हणजे ॲम्प्लिफायरची जुळवणी, बहुधा कानाच्या अंदाजावर उरकली जाते. गिऱ्हाईक म्हणते, ‘बास अजून वाढवा.’ आपण स्क्रू-ड्रायव्हरने गेन फिरवतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि थोड्याच दिवसांत जळालेला सबवूफर घेऊन परत येते. जळालेल्या कॉइलला सहसा वॉरंटी मिळत नाही. मग नुकसान आणि बदनामी दोन्ही दुकानदाराच्या पदरी.

म्हणून आमचे कारागीर बांधवांना एवढेच सांगणे आहे, की गेन आणि क्रॉसओव्हर कानाने नव्हे, मापाने लावावेत. त्यासाठी एक मल्टिमीटर, चाचणीचे सूर भरलेला पेन ड्राइव्ह आणि कॅल्क्युलेटर एवढी सामग्री पुरते.

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे

स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरला येणारा सिग्नल कुठे दोन व्होल्टचा असतो, कुठे चार. येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालणे हेच गेनचे काम. तो गरजेपेक्षा जास्त फिरवला की ॲम्प्लिफायर आपल्या ताकदीच्या टोकाला लवकर पोहोचतो आणि सुराच्या लाटेचे माथे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. लाट पूर्ण चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीच्या शुद्ध लाटेच्या दुप्पट शक्ती स्पीकरमध्ये जाते. म्हणजे ७५ वॅटचा ॲम्प्लिफायर १५० वॅटची उष्णता कॉइलवर ओतू शकतो. स्पीकर ‘हलका’ निघाला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा दोष गेनचा असतो.

व्होल्ट काढण्याचा हिशेब

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘पीएमपीओ’ किंवा ‘मॅक्स’ वॅटचा आकडा हिशेबात धरू नये. माहितीपत्रकातला आरएमएस वॅटचा आकडा शोधावा. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांपैकी ज्याचा आकडा लहान, तो घ्यावा. त्याला स्पीकरच्या ओहमने गुणून वर्गमूळ काढावे. येणारे उत्तर म्हणजे आपले व्होल्ट.

समजा, ॲम्प्लिफायर चार ओहमला प्रत्येक चॅनेलला ७५ वॅटचा आहे आणि दारातले साडेसहा इंची स्पीकर ६० वॅटचे आहेत. लहान आकडा ६०. साठ गुणिले चार म्हणजे २४०. त्याचे वर्गमूळ साधारण १५.५ व्होल्ट. सबवूफरचा ॲम्प्लिफायर दोन ओहमला ३०० वॅटचा आणि सबवूफर ३५० वॅटचा असेल, तर ३०० गुणिले दोन म्हणजे ६००. वर्गमूळ साधारण २४.५ व्होल्ट.

इथे ओहम जाणून घेणे महत्त्वाचे. चार ओहमच्या दोन कॉइल असलेला सबवूफर समांतर जोडला तर दोन ओहमचा होतो, एकापुढे एक जोडला तर आठ ओहमचा. ॲम्प्लिफायरला सोसवेल त्यापेक्षा कमी ओहमचा भार कधीही जोडू नये.

जुळवणीचा क्रम

१) ॲम्प्लिफायरवरून स्पीकरच्या वायरी काढून ठेवाव्यात. स्टिरिओचे बास, ट्रेबल, इक्वलायझर शून्यावर आणावेत. बास बूस्ट बंद करावा. सर्व गेन अगदी कमी करावेत.

२) क्रॉसओव्हरचे स्विच ‘फुल’वर ठेवावेत. सबवूफरच्या ॲम्प्लिफायरवर तशी सोय नसेल, तर लो-पास सर्वांत वर आणि सबसॉनिक सर्वांत खाली न्यावा.

३) इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर आणावा, कमाल ४० असेल तर ३०. गाडी मोकळ्या हवेत उभी असावी. बंद गॅरेजमध्ये इंजिनाचा धूर जिवावर बेततो.

४) मीटर एसी व्होल्टवर ठेवून सबवूफरच्या चॅनेलसाठी ५० हर्ट्झचा आणि दाराच्या चॅनेलसाठी २०० हर्ट्झचा सूर वाजवावा. १००० हर्ट्झचा सूर अनेक जण वापरतात, पण साधे मीटर घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेले असते. फार वरच्या सुराला ते कमी आकडा दाखवू शकते आणि आपण नकळत गेन वाढवून बसतो.

५) काढलेले व्होल्ट दिसेपर्यंत गेन सावकाश वाढवावा आणि तिथेच थांबावे. आकड्यापेक्षा थोडे कमी ठेवले तर अधिक चांगले, कारण स्पीकर जोडल्यावर पुरवठ्याचे व्होल्ट थोडे खाली येतात.

क्रॉसओव्हर : ज्याचे काम त्याला

कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते. एकच स्पीकर हे सगळे नीट वाजवू शकत नाही. क्रॉसओव्हर कामाची वाटणी करतो. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला हाय-पास ८० हर्ट्झ आणि सबवूफरला लो-पास ८० हर्ट्झ, ही सुरुवातीची बरी जागा आहे. उतार १२ डेसिबलचा असेल, तर ४० हर्ट्झला दाराच्या स्पीकरला मिळणारी शक्ती सुमारे सोळावा हिस्सा उरते. पडदा उगाच आपटत नाही, दाराचा पत्रा खडखडत नाही. स्पीकर लहान असेल तर हाय-पास आणखी वर न्यावा.

स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर दोन्हींकडे क्रॉसओव्हर असेल, तर एकाच जागचा वापरावा. दोन्ही चालू राहिले की उतार दुहेरी होतो आणि मधला आवाज पोकळ लागतो. भोक असलेल्या पेटीला सबसॉनिक फिल्टर पेटीच्या सुराच्या थोडा खाली जरूर लावावा. त्या सुराखाली पडद्याला आवर राहत नाही.

ट्वीटरला क्रॉसओव्हरवाचून थेट जोडू नये. चार ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर ओळीत लावला, तर वाटणी ४००० हर्ट्झच्या आसपास होते.

वायरी जोडताना पोलॅरिटी तपासावी. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या वायरींना क्षणभर लावला, की पडदा बाहेर सरकला पाहिजे. एका दाराचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत सरकत असेल, तर दोघांचा बास एकमेकांना खातो. अशा गाडीत गेन कितीही वाढवला तरी बास भरत नाही.

सर्वांत आधी फ्यूज

बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरीवर, बॅटरीच्या दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो वायरीच्या क्षमतेनुसार निवडावा. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो, वायरीला नाही. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटते. इथे वाचवलेले थोडे पैसे कुणाच्या तरी जिवाशी खेळ ठरतात.

काम संपल्यावर बिलाच्या मागे चार गोष्टी लिहून द्याव्यात : आरएमएस वॅट, लावलेले व्होल्ट, क्रॉसओव्हरचे आकडे आणि आवाजाची मर्यादा. ‘तीसच्या पुढे नेऊ नका’ असे गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगावे. ३०० वॅटचा माल १००० वॅटचा म्हणून विकणे म्हणजे काट्याला अंगठा लावण्यासारखेच आहे. धान्याच्या दुकानात जे माप, तेच साउंडच्या दुकानात वॅट आणि व्होल्ट. माप खरे असेल तर माल टिकतो, आणि माल टिकला की गिऱ्हाईक पुढच्या गाडीलाही आपल्याच दारात येते.