डावा हात आणि स्किझोफ्रेनिया

मूल डाव्या हाताने जेवू लागले, की आपण त्याला दटावतो. पुढे त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा आजार झाला तर "लक्षणे लहानपणापासूनच दिसत होती" असेही म्हणतो. यात तथ्य किती, हे आपण समजून घेऊ या.

जगात शंभरात सुमारे दहा माणसे डावखुरी असतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत डावखुऱ्यांचे आणि दोन्ही हात वापरणाऱ्यांचे प्रमाण याहून अधिक आढळते. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम मुख्यतः डाव्या अर्ध्या भागात चालते. डाव्या-उजव्या भागांतील या वाटणीची सुरुवात गर्भातच होते. रुग्णांत ही वाटणी सरासरीने कमी ठळक दिसते, म्हणून संशोधक हाताकडे लक्ष देतात.

काही खुणा शरीरावर असतात. टाळू उंच असणे, कान किंचित खाली असणे, करंगळी वाकडी असणे, असे बारीक फरक रुग्णांत अधिक आढळतात. त्वचा आणि मेंदू गर्भाच्या एकाच बाह्यस्तरापासून घडतात. त्यामुळे गर्भवाढीत आलेल्या अडथळ्याची खूण बाहेरही राहू शकते.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. तिच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. आजार बहुधा तरुणपणी दिसतो, पण त्याची काही मुळे जन्मापूर्वीची असू शकतात, हे यावरून कळते. आनुवंशिकतेचाही त्यात मोठा वाटा आहे.

मात्र ही तुलना समूहांची आहे, एका माणसाची नव्हे. जगात हा आजार सुमारे तीनशेत एकाला असतो. म्हणजे डावखुऱ्यांपैकी बहुतेकांना तो कधीच होत नाही, आणि पुष्कळ रुग्ण उजव्या हाताचेच असतात. हात किंवा कान पाहून कोणताही डॉक्टर निदान करत नाही. कानात आवाज येणे, निराधार संशय, असंबद्ध बोलणे, माणसांपासून तुटणे ही लक्षणे टिकून राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ही करणी नव्हे आणि आईचा दोषही नव्हे. औषधोपचाराने पुष्कळ रुग्ण सावरतात. 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

तेव्हा डावखुऱ्या मुलाला डाव्या हातानेच लिहू द्यावे, गर्भवतीच्या ताटात पुरेसे अन्न असावे आणि रुग्णाला वेळेवर दवाखान्यात न्यावे. एवढे तर आपल्या हाती आहे.