जुनी मोटार आणि तिचा विमा

जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. संस्थानी वैभवाची साक्ष देणाऱ्या गाड्या पाहून प्रेक्षकांचे डोळे दिपले असल्यास नवल नाही. परंतु जुन्या मोटारींचे जग राजवाड्यापुरते मर्यादित नाही. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव किंवा मडगाव येथील एखाद्या घरासमोर वडिलांच्या हातची प्रीमियर पद्मिनी अथवा ॲम्बेसेडर आजही उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी कधीच इतिहासजमा झाली. उत्तरपाड्याच्या ॲम्बेसेडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. तरीही या गाड्या रस्त्यावर धावतात. बाजाराला जातात, देवदर्शनाला जातात, पाहुण्यांना स्थानकावरून आणतात.

जी गाडी रस्त्यावर धावते तिला अपघात होऊ शकतो. म्हणूनच तिचा विमा कसा निवडावा, हा प्रश्न हौसेचा नसून संसाराच्या सुरक्षिततेचा आहे.

कायद्याने आवश्यक असलेला विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या प्रत्येक मोटारीचा त्रयस्थ पक्षासाठी विमा असणे बंधनकारक आहे. गाडी चाळीस वर्षांची असो वा चार महिन्यांची, नियम एकच. वर्षातून केवळ दसऱ्याला बाहेर काढली जाणारी गाडीही यातून सुटत नाही. विम्याविना गाडी चालविल्यास कलम १९६ अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दंड चार हजार रुपये आहे.

तथापि खरा धोका दंडाचा नाही. गाडीची धडक बसून एखादा सायकलस्वार मृत्युमुखी पडला, तर त्याचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागतात. विमा असेल तर ती भरपाई कंपनी देते. शारीरिक इजा व मृत्यू यांबाबत तिच्या दायित्वाला कमाल मर्यादा नाही. त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी प्रमाणित पॉलिसीतील मर्यादा साडेसात लाख रुपयांची आहे. विमा नसेल तर सर्व रक्कम मालकाला स्वतः भरावी लागते आणि तिच्या वसुलीसाठी त्याच्या घरावर व जमिनीवर टाच येऊ शकते. ज्याचा कमावता माणूस गेला ते कुटुंबही मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहते. म्हणजे एका विम्याच्या अभावी दोन घरे उघडी पडतात.

याच्या जोडीला मालक-चालकाचा पंधरा लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो. गाडी जुनी म्हणून तो टाळू नये.

गाडी किती चालणार, हे आधी ठरवावे

विम्याच्या कचेरीत जाण्यापूर्वी मालकाने गाडीचा उपयोग निश्चित करावा, कारण नोंदणीचा प्रकारही त्यावरच ठरतो.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खाजगी दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून तिची मुदत दहा वर्षांची आहे. अर्जासोबत विम्याची पॉलिसीही जोडावी लागते. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या अथवा व्यापारी वापरास तिला मनाई आहे.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खाजगी मोटारीस त्रयस्थ विम्याच्या हप्त्यात पन्नास टक्के सवलत दिली. ही सवलत आकर्षक वाटते. परंतु जो गृहस्थ रोज सकाळी त्याच गाडीने शाळेत वा कचेरीत जातो, त्याच्यासाठी ती महाग पडेल. नोंदणीच्या अटीबाहेरचा वापर अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. हप्त्यात वाचलेल्या रुपयांसाठी एवढी जोखीम पत्करणे शहाणपणाचे नाही. १९७८ साली नोंदलेल्या पद्मिनीला तर अद्याप पन्नास वर्षेही झालेली नाहीत. ती कितीही देखणी असली तरी या नियमानुसार व्हिंटेज ठरत नाही. अशा गाडीची सामान्य नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करून घ्यावी लागते. नोंदणीची मुदत संपलेली असेल, तर विम्याचा हप्ता वेळेवर भरूनही स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो.

गाडीचे मूल्य: निवडीचा गाभा

त्रयस्थ विम्यातून स्वतःच्या गाडीची दुरुस्ती मिळत नाही. त्यासाठी सर्वंकष पॉलिसी घ्यावी लागते. तिच्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे विमाधारकाने घोषित केलेले मूल्य. व्यवहारात त्याला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीस गेली किंवा पूर्णपणे नष्ट झाली, तर कंपनी जास्तीत जास्त एवढीच रक्कम देते.

नव्या गाडीचे मूल्य घसाऱ्याच्या कोष्टकावरून काढतात. पाचव्या वर्षअखेर ते निम्म्यावर येते. पाच वर्षांहून जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांना हे कोष्टक लागू नाही. त्यांचे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या परस्पर समझोत्याने ठरावे, अशी तरतूद २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात आहे. ही तरतूद पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. परिणामी प्रतिनिधी जो आकडा घालील तो मान्य केला जातो, आणि हप्ता कमी आला याचेच समाधान मानले जाते.

पुढील उदाहरणावरून हा मुद्दा स्पष्ट होईल. एका निवृत्त शिक्षकाकडे उत्तम राखलेली पद्मिनी आहे असे समजू. गाडीचे बाजारमूल्य दोन लाख रुपये आहे, परंतु पॉलिसीत मूल्य तीस हजार लिहिले आहे. पुलाच्या कठड्याला धडकून गाडीचा दर्शनी भाग चेपला. गॅरेजचा अंदाज असा:

लोखंडी पत्र्याचे भाग: २४,००० रुपये
रबर व प्लॅस्टिकचे भाग: ४,००० रुपये
काच: ३,००० रुपये
रंगाचे साहित्य: ६,००० रुपये
मजुरी: ९,००० रुपये
एकूण: ४६,००० रुपये

प्रमाणित पॉलिसीनुसार दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. रबर, प्लॅस्टिक आणि रंगाच्या साहित्यावरही पन्नास टक्के कापतात. काचेवर घसारा नाही व मजुरी पूर्ण मिळते. तेव्हा देय रक्कम अनुक्रमे १२,०००, २,०००, ३,०००, ३,००० आणि ९,००० म्हणजे २९,००० रुपये होते. त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीसाठी असलेली एक हजार रुपयांची सक्तीची वजावट केली की २८,००० रुपये उरतात. बाकीचे १८,००० रुपये मालकाने सोसावयाचे.

परंतु येथे दुसरी अट आड येते. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी पूर्णतः नष्ट झाली असे धरले जाते. तीस हजारांचे पंचाहत्तर टक्के म्हणजे २२,५०० रुपये. येथे खर्च त्याहून अधिक आहे. म्हणजे एक कुशल मिस्त्री पंधरवड्यात जी गाडी उभी करील, ती कागदोपत्री भंगार ठरते. मालकाच्या हाती तीस हजारांहून अधिक काही येत नाही, आणि मोडक्या गाडीचे काय करावयाचे हा वाद शिल्लक राहतो. मूल्य दोन लाख असते तर ही मर्यादा दीड लाखांवर गेली असती आणि गाडी दुरुस्त होऊन घरी परतली असती.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, घोषित मूल्य गाडीच्या खऱ्या किमतीशी सुसंगत असावे. ते अवास्तव वाढवू नये, कारण दाव्याच्या वेळी पुरावा मागितला जातो. दुसरी, मूल्य योग्य असले तरी घसारा कापला जाणारच. तेवढी रक्कम घरात बाजूला ठेवावी. घसारा माफ करणारे जादा संरक्षण कंपन्या सामान्यतः नव्या गाड्यांनाच देतात.

मूल्य सिद्ध करण्यासाठी गाडीची चारही बाजूंनी, इंजिनाची आणि आतील भागाची छायाचित्रे, दुरुस्तीच्या पावत्या आणि जाणकार मूल्यमापकाचा लेखी अहवाल जपून ठेवावा.

पॉलिसीतील बारीक अक्षरे

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर प्रत्येक कंपनी आपापले ठरविते. म्हणून किमान तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवावेत व पुढील गोष्टी विचाराव्यात.

१) रॅलीचा समावेश आहे काय? प्रमाणित पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. रॅलीसाठी स्वतंत्र जोड मिळते. ती आधी घ्यावी.

२) भाड्याने देता येईल काय? जुनी गाडी फुलांनी सजवून वरातीसाठी देण्याची पद्धत वाढली आहे. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. अशा वेळी अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो.

३) बिघाड कोणाच्या माथी? झीज, यांत्रिक वा विद्युत बिघाड विम्यात येत नाहीत. जुन्या वायरिंगची तपासणी मालकानेच वेळोवेळी करावी.

४) सुटे भाग न मिळाल्यास काय? भाग शोधण्यास किंवा घडवून घेण्यास लागणारा वेळ व खर्च कंपनी कसा धरते, हे लेखी विचारून घ्यावे.

वडिलांची गाडी, मुलाचे नाव

बहुतेक जुन्या मोटारी वारसाने आलेल्या असतात आणि नेमकी येथेच चूक होते. वडील निवर्तल्यावर त्यांच्या नावाची पॉलिसी मृत्यूपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच टिकते. वारसाने मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. विमा कंपनीकडेही मृत्यूचा दाखला देऊन पॉलिसी बदलून घ्यावी. आठवण म्हणून कागदावर वडिलांचेच नाव राहू देणे भावनेला साजेसे असले, तरी अपघातानंतर तीच आठवण कुटुंबाला भोवते.

पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीखही चुकवू नये. खंड पडल्यास कंपनी गाडीची पाहणी केल्याशिवाय सर्वंकष विमा देत नाही, आणि नव्वद दिवस उलटल्यास दावा न केल्याबद्दल साठलेली सवलत बुडते. ही सवलत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते.

तक्रार असल्यास

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क अथवा वकील लागत नाही. वडोदऱ्याच्या रहिवाशांसाठी अहमदाबाद, इंदूर व ग्वाल्हेरसाठी भोपाळ, बेळगावसाठी बंगळूर आणि हैदराबादसाठी तेथेच लोकपालाचे कार्यालय आहे.

शिक्षकांनी वर दिलेला घसाऱ्याचा हिशेब शतमानाच्या पाठात विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. ग्रामपंचायतीच्या वाचनालयातही या विषयाची चर्चा व्हावी. आणि ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्यांनी आजच पॉलिसी काढून चार गोष्टी पाहाव्यात: नाव कोणाचे, मुदत कधीपर्यंत, मूल्य किती आणि वापर कोणता. यांपैकी एकही गोष्ट प्रत्यक्षाशी जुळत नसेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत गाडी घराबाहेर काढू नये.