पिकअप घेतलीस, आता मामाचं ऐक

दोन टनांची पिकअप घेतलीस, अख्ख्या पेडण्यात पेढे वाटलेस आणि मला नुसता फोटो धाडलास. असू दे. बोनेटवरचा हार सुकायच्या आत एवढं वाच.

१. जाहिरातीतला आकडा सोड; आरसीवरच्या भरलेल्या वजनातून कोरं वजन वजा कर — उरेल त्यात माल, तू, हमाल आणि तू हौसेनं बसवून घेशील तो लोखंडी सांगाडा, सगळं मावायचं असतं.

२. हौदा किती भरला यापेक्षा कशानं भरला ते बघ — ओली रेती काठोकाठ घातलीस तर चारेक टन होते, आणि बघणाऱ्याला गाडी नुसती भरलेली दिसते. काठ डोळ्यांना कळतो, काटा पाट्यांना.

३. मोपाच्या बाजूला बांधकामं चालूच आहेत, तेव्हा चिऱ्यांची भाडी येतील; ते मोजून घे. कोरडा चिरा तीस-पस्तीस किलोंचा धर आणि पंचावन्नवर थांब, पावसाळ्यात त्याहून कमी — चिरा पाणी पितो, त्या पाण्याचं भाडं कुणी देत नाही.

४. "आणखी दहा घाल रे, जवळच तर जायचंय" म्हणणाऱ्याला चहा पाज, त्याचे चिरे घेऊ नकोस — जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. तोवर तो माणूस जेवून झोपलेला असतो.

५. जड माल केबिनच्या बाजूला, मागच्या चाकांच्या पुढे ठेव — वजन फाळक्याकडे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग तुझं ऐकत नाही.

६. साध्या लायसन्सवर ही गाडी चालेल का म्हणून आईला घोर लागलाय, तिला सांग चालते — साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला तेच पुरे, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये दिलाय. इन्शुरन्स आणि फिटनेसच्या तारखा मात्र तिलाच लिहून ठेवायला सांग, तू विसरशील.

७. बेळगावची भाजी घेऊन चोर्ला उतरताना, चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरात उतर — सारखा ब्रेकवर पाय ठेवलास तर ड्रम तापतात, आणि नेमक्या वळणावर ब्रेक लागेनासे होतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे शहाणे भेटतील. त्यांच्या मागे लागू नकोस, पुढे तर मुळीच राहू नकोस.

८. पहिल्या पावसात डिचोली-साखळी रस्त्यावर रिकाम्या गाडीला जास्त भी — मागे वजन नसलं की लाल चिखलात शेपूट फिरतं. भरलेली गाडी कण्हून सांगते, रिकामी न सांगता फिरते.

९. पुढची फोर बाय फोर घ्यायची म्हणतोस, घे. खाणीकडच्या चढांवर कामाला येईल. पण तिच्या जोरावर उतारावर वेग वाढवू नकोस — चार चाकं ओढायला मदत करतात, थांबवायला ब्रेक तेवढेच.

१०. केरीच्या फेरीबोटीवर (आपली तेरेखोलसमोरची केरी, चोर्ल्याखालची नव्हे) हॅण्डब्रेकबरोबर गाडी गिअरातही ठेव. घरी आलास की गाडी खालून गोड्या पाण्यानं धू — खारं पाणी चासी खातं. मासळीच्या बर्फाचं पाणी आणि काजूच्या बोंडांचा रस हौद्याला तेच करतात, म्हणून हौदाही त्याच दिवशी धुवायचा.

११. मयेहून चवथीची मूर्ती आणायला सगळे तुलाच बोलावतील आणि भाडं कुणी देणार नाही. जा. मूर्ती केबिनला टेकवून तणसावर ठेव, मागच्या चाकांवर वाळूची चार पोती टाक — पाटे दोन टनांसाठी घडवलेत, हलक्या गणपतीला ते उसळवतात. आमची मूर्ती आदल्या दिवशी, उन्हं उतरल्यावर आण, मामी जेवायला थांबवणार आहे.