मोठ्या ऑपरेशनआधीची दुर्बीण

गटातल्या एका ताईंच्या सासऱ्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये गाठ तेवढ्यापुरतीच दिसत होती. तरी डॉक्टर म्हणाले, आधी दुर्बिणीनं पोटात बघू. घरचे चिडले, "दोनदा भूल कशाला?"

कारण असं, की यकृतावर किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले कणीएवढे दाणे स्कॅनमध्ये सुटू शकतात. बेंबीजवळ छोटं छिद्र पाडून दुर्बिणीनं बघतात, संशय आला तर तुकडा काढून तपासतात. पसरलेलं निघालं तर गाठ काढायचं मोठं ऑपरेशन करत नाहीत, केमो देतात. ही तपासणी सरसकट करत नाहीत. गाठ मोठी असेल किंवा रक्तातलं 'सीए १९-९' फार वाढलं असेल, तर डॉक्टर सुचवतात.

सासऱ्यांच्या पोटात दाणे सापडले. ताईंनी कर्जाच्या अर्जावरची रक्कम खोडून कमी केली. केमोचा खर्च आहेच, पण शेत गहाण टाकायचं थांबलं.